फोटोखालची ओळ कोण लिहितं?
(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



आज एका फोटोबद्दल बोलायचं आहे. तारीख ३ सप्टेंबर १९४४. चीनचा युन्नान प्रांत, ब्रह्मदेशाच्या रस्त्यावरचा सुंगशान डोंगर. तिथलं जपानी ठाणं पडत आलं होतं. अमेरिकन लष्कराच्या छायाचित्रकाराने पकडलेल्या चार बायकांचा फोटो काढला. शेजारी चिनी सैनिक हसतो आहे. एक बाई पोटुशी आहे, दरडीला टेकून कशीबशी उभी. फोटोखाली नोंद केली गेली, चार 'जपानी मुली'.

ती पोटुशी बाई जपानी नव्हतीच. ती कोरियन होती, नाव पाक योंग-शिम. कोवळ्या वयात कमाईचं आमिष दाखवून तिला घरातून नेलं. आधी नानकिंग, मग ब्रह्मदेश, मग हा डोंगर. सगळीकडे जपानी सैनिकांसाठी डांबलेली. अशा बायकांना लष्कराने नाव दिलं 'कम्फर्ट विमेन', म्हणजे दिलासा देणाऱ्या. कुणाला दिलासा, हे बायकांना कुणी विचारलं नाही.

फोटो दप्तरात राहिला, बायका गप्प राहिल्या. लाज मात्र त्यांच्याच पदरात. १९९१ साली दक्षिण कोरियात किम हाक-सुन स्वतःच्या नावानिशी जाहीरपणे बोलल्या, आणि मग एकेक जण पुढे आली. २००० साली उत्तर कोरियातल्या पाक योंग-शिम यांनी सांगितलं, फोटोतली ती बाई मीच. त्याच डिसेंबरात स्त्री-संघटनांनी तोक्योत जन-न्यायालय भरवलं. त्याला कायद्याचं बळ नव्हतं. तरी त्याने सम्राट हिरोहितोलाही दोषी ठरवलं.

छायाचित्रकार खोटं बोलला असं मी म्हणत नाही. त्याने जे दिसलं ते टिपलं. पण तिला विचारलं नाही, आणि चुकीची ओळ छप्पन्न वर्षं तिच्या अंगाला चिकटून राहिली.

आता आपल्याकडे पाहू. केंद्रात बाई येते. ती बोलत असते, आपण केस-पेपर भरत असतो. 'परित्यक्ता', 'पीडित', 'चारित्र्यावर संशय'. मीही असंच लिहीत आले. एकदा एकीला तिचा कागद वाचून दाखवला. ती म्हणाली, "ताई, त्यानं मला टाकलं नाही. मी निघून आले."

तेव्हापासून मी कागद बंद करण्याआधी वाचून दाखवते. पाच मिनिटं जास्त जातात. तुम्हीही हे सुरू करावं, एवढीच विनंती.