परसातला आवळा : उतरवणे आणि खारवणे

 

आज बोलायचं आहे ते आपल्या परसातल्या आवळ्याबद्दल. तुम्ही म्हणाल, त्यात नवीन ते काय? तुळशीच्या लग्नाला आवळा लागतो, कार्तिकात आवळीखाली जेवण होतं, आजी मोरावळा घालते. झालं! पण मंडळी, आपल्या मुलुखात, चाकणपासून मोशी-चिखलीपर्यंत, जिथं जिथं जुनं घर आणि त्यामागं परसू उरलं आहे, तिथं झाडाखाली आवळ्यांचा सडा पडतो आणि तसाच कुजतो. आणि त्याच घरात दुकानातली लोणच्याची बाटली येते. हे मला पटत नाही, म्हणून हा विषय घेतला.

आधी झाडाची रीत समजून घेऊ. आवळा फुलतो फाल्गुन-चैत्रात. फळ धरतं, पण नंतर ते चार-एक महिने झोपल्यासारखं असतं. मोहरीएवढं फळ उन्हाळाभर जागचं हलत नाही. पाऊस पडला, हवेत ओल आली, की श्रावणापासून ते वाढायला लागतं आणि कार्तिक ते पौषात तयार होतं. शाळेतल्या मुलांना हे दाखवण्यासारखं आहे. एका फांदीला दोरा बांधा, दर महिन्याला फळाचा घेर मोजा आणि वहीत लिहून ठेवा. कधी वाढलं आणि कधी थांबलं ते मुलांना आपोआप कळेल.

आवळा तयार झाला हे कसं ओळखायचं? हिरवा रंग निवळतो, त्यावर पिवळसर झाक येते, फळ काचेसारखं थोडं पारदर्शक दिसतं. एक फळ फोडून पाहा. आतलं बी पांढरट असेल तर थांबा, तपकिरी झालं असेल तर उतरवा. आणि उतरवताना काठीनं झोडपू नका. आपटलेल्या आवळ्याला आतून काळा डाग पडतो, आणि असं एक फळ बरणीत गेलं की शेजारच्या दहांना बिघडवतं. शिडी लावा, आंब्याचा झेला असेल तर तो वापरा, पाटीत खाली गोणपाट घाला. पोरांना झाडावर चढवू नका. आवळ्याचं लाकूड ठिसूळ, जाड दिसणारी फांदीसुद्धा कडकन मोडते.

आता खारवण्याकडे वळू. ताजा आवळा तुरट लागतो. मिठाच्या पाण्यात मुरला की तो तुरटपणा बराच उतरतो आणि फळ मऊ पडतं. भूमध्य समुद्राकाठचे शेतकरी ऑलिव्हच्या फळाचं हेच करतात. झाडावरचं ऑलिव्ह इतकं कडू असतं की तोंडात धरवत नाही. ते आठवडेच्या आठवडे, कधी काही महिने, मिठाच्या पाण्यात ठेवून मग जेवणात घेतात. राजस्थानात २००८ साली ऑलिव्हची लागवड सुरू झाली. त्या झाडाला फुलायला कडक थंडी लागते, ती आपल्याकडे पडत नाही. पण खारवण्याची विद्या तीच, आणि त्या विद्येला लागणारं फळ आपल्या दारात आहे.

माझी एक फजिती सांगतो. पहिल्या वर्षी मी दोन किलो आवळे बरणीत भरले आणि वर लिटरभर पाणी ओतलं. कुणीतरी सांगितलं होतं की लिटरला शंभर ग्रॅम मीठ, म्हणजे शेकडा दहा. तेवढं मोजून घातलं. वीस दिवसांनी दादरा सोडला तर आवळे बुळबुळीत आणि वास असा की घरातल्या बायकांनी बरणी अंगणाबाहेर नेऊन ठेवली. चूक कुठं झाली? मीठ पाण्याच्या हिशेबानं घातलं, फळाच्या नाही. अहो, आवळ्यात निम्म्याहून कितीतरी जास्त पाणीच असतं. फळातलं पाणी बाहेर येतं, खारातलं मीठ फळात जातं आणि शेकडा दहाचा खार शेकडा चारावर येऊन बसतो. शिवाय लिटरभर पाणी पुरलं नाही, वरचे आवळे उघडेच राहिले. त्रैराशिक मला येत होतं, पण ते स्वयंपाकघरात वापरायचं असतं हे कुणी शिकवलं नव्हतं!

तर खरा हिशेब असा. मीठ काढायचं ते फळ आणि पाणी दोन्हींच्या वजनावर. दोन किलो आवळे आणि दीड लिटर पाणी मिळून साडेतीन किलो झाले. शेकडा दहानं साडेतीनशे ग्रॅम मीठ. पण सगळं एकदम घालायचं नाही, नाहीतर फळ सुरकुततं. पाणी उकळून पूर्ण गार करावं आणि त्यात निम्मं मीठ, म्हणजे पावणेदोनशे ग्रॅम, विरघळवावं. आवळे धुऊन, फडक्यावर पसरून कोरडे करावेत. डागी फळ वेगळं काढावं, त्याची त्याच दिवशी चटणी करावी. चांगल्या फळांना बांबूच्या किंवा लाकडाच्या टोकदार काडीनं दोन-तीन टोचे मारले तर ते लवकर मुरतात. बरणी उन्हात कडकडीत वाळवलेली असावी. आवळे भरून वर खार ओतावा, आवडीप्रमाणे हळद आणि हिरव्या मिरच्या घालाव्यात. चार दिवसांनी उरलेल्यातलं निम्मं मीठ आणि आठव्या दिवशी बाकीचं घालून कोरड्या लाकडी डावानं हलवावं.

फळ वर तरंगतं, आणि जे हवेत राहतं ते बिघडतं. म्हणून वर चिनी मातीची बशी उपडी घालून, तिच्यावर उकळून घेतलेला गुळगुळीत दगड ठेवावा. तोंडाला दादरा बांधावा. पंधरा-वीस दिवसांत फळ पिवळट होतं आणि बोटानं दाबलं की पाकळी सुटते. मग समजावं, मुरलं.

भांड्याबद्दल दोन शब्द. तांब्या-पितळेत आवळा घालू नका, कल्हई असली तरी नको. आंबट फळ कळकतं, आणि ते पोटाला बाधतं. लोखंडात घातला तर काळाठिक्कर पडतो. हा प्रयोग शाळेत करून दाखवावा. आवळ्याच्या रसात गंजका खिळा टाका, थोड्या वेळात शाई तयार होते. तुरटपणाचा अंश आणि लोखंड एकत्र आले की काळा रंग होतो. पूर्वी लिहिण्याची शाई याच तत्त्वावर करत.

खारावर कधी पांढरी पातळ साय धरते. ती काढून टाकावी, खार थोडा वाढवावा, भिण्याचं कारण नाही. पण हिरवी, काळी, केसाळ बुरशी दिसली, किंवा फळ बुळबुळीत झालं, की मोह न धरता बरणी रिकामी करावी. आमच्या एका शेजाऱ्यानं विचारलं, “पेनिसिलीन बुरशीपासूनच होतं ना? मग ही खाल्ली तर काय बिघडलं?” मंडळी, १९५४ साली आपल्या पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली आणि तिथं पेनिसिलीन तयार होऊ लागलं, ही गोष्ट खरी. पण तिथली बुरशी निवडून, राखून वाढवलेली आणि तिच्यातून औषध शुद्ध करून काढलेलं. बरणीवर आलेली बुरशी कुठली, कोण जाणे. ती औषध नव्हे.

खाण्याआधी आवळा दोन-तीन तास साध्या पाण्यात ठेवला तर जास्तीचं मीठ उतरतं. ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी मात्र हे चवीपुरतंच घ्यावं.

आता शेवटची आणि मला सगळ्यांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. माझ्या परसात कृष्णा जातीचं कलमी झाड आहे. वर्षानुवर्षं लगडायचं. शेजारच्या परसात एक जुना गावठी आवळा होता. आठ वर्षांपूर्वी तिथं खोल्या बांधल्या, भाड्यानं दिल्या. कारखान्यात कामाला आलेल्या माणसांना राहायला जागा हवी, त्यात कुणाचा दोष नाही. झाड मात्र गेलं. पुढच्या वर्षीपासून माझं झाड फुलायचं, पण फळ मोजकंच. मी शेणखत घातलं, आळं केलं, पाणी वाढवलं, घरच्यांनी दृष्टसुद्धा काढली. शेवटी कृषी महाविद्यालयातल्या एका जाणत्या माणसानं विचारलं, “जवळ दुसरा आवळा आहे का?” तेव्हा उलगडा झाला. आवळ्याच्या बऱ्याच जातींत स्वतःच्याच परागानं फळ नीट धरत नाही, दुसऱ्या जातीचा पराग लागतो. इतकी वर्षं माझं झाड शेजाऱ्याच्या झाडावर फळत होतं, आणि मी ते माझ्या खताचं कर्तृत्व समजत होतो!

मग मी ‘नरेंद्र आवळा ७’ या जातीचं कलम आणून लावलं. पाचव्या वर्षी दोन्ही झाडं बहरली, आणि गेल्या पौषात घरात पुन्हा दोन बरण्या भरल्या. एक शेजारच्या खोल्यांत वाटली. तिथल्या बिहारकडच्या एका बाईनं चाखून सांगितलं, “आमच्याकडेही असंच घालतात.”

म्हणून विनंती एवढीच. आवळा लावाल तर एक लावू नका. दोन लावा, वेगवेगळ्या जातींचे. परसात जागा नसेल तर एक तुमच्याकडे, एक शेजारी. आणि गुरुजी, शाळेच्या कुंपणालगत दोन कलमं लावायला फार जागा लागत नाही. फळ धरायला चार-पाच वर्षं लागतील. पहिलीत असलेली मुलं पाचवीत गेली की आपल्या हातानं आवळे उतरवतील, आणि मिठाचं त्रैराशिक माझ्यासारखं चुकणार नाहीत.