परदेशी जाण्याची ओढ कुठून येते?



परळ-लालबागला दूरदेशी जाणं नवं नाही. आमचे आजे कोकणातून गिरणीत आले, गावकीच्या खोलीत दाटीनं राहिले. खानावळवाल्या बायकांनी त्यांना जेवू घातलं, घरची बाई गावात मनिऑर्डरीची वाट बघत राहिली. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले, आखातात कामं निघाली. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. मग दुबईचं नाव चाळीत जास्तच घेतलं जाऊ लागलं.

दुबईचा टेपरेकॉर्डर साऱ्या मजल्याला ऐकू जायचा. उन्हातलं काम, एका खोलीत दहाजण, हे पत्रात नसायचं. ओढ अशी वाढते: वस्तू बोलते, माणूस गप्प बसतो.

बाईचा हिशेब थोडा निराळा. इथंही दुसऱ्यांचीच भांडी घासायची; तीच कुवेतला घासली तर पगार जास्त, आणि मारणारा नवरा दूर. याला कुणी मोह म्हणतं, मला ते पटत नाही.

दहावी न झालेल्या बाईला आखातात कामाला जायचं तर वय ३० पूर्ण हवं, असा सरकारी नियम. पुरुषाला ही अट नाही. म्हणून ओढ थांबते का? दलाल तिला पर्यटक व्हिसावर धाडतो, आणि तिकडं तिच्या कामाची सरकारदरबारी नोंदच राहत नाही.

तेव्हा कुणी जाते म्हणाली तर आधी दलालाची नोंदणी बघा. करारनाम्याची आणि पासपोर्टची एकेक झेरॉक्स मंडळात ठेवून घ्या.