'चांगला' नावाचा शेरा



वाईट शेऱ्याला आम्ही भीत नव्हतो. केंद्राच्या नोकरीत तो लेखी कळवावा लागे, मग भांडता येई. साहेब लोक एवढे खुळे थोडेच! ते गोपनीय अहवालात गुपचूप 'चांगला' लिहीत. चांगला म्हणजे कळवायची गरज नाही. आणि वरच्या जागेच्या बढतीला लागे 'खूप चांगला'. एका 'खूप'वर माणूस मारायचा, रक्ताचा थेंब नाही. आमच्या कचेरीत हे मी डोळ्यांनी पाहिलंय. राखीव जागेवर आलास ना, मग 'चांगला'वर खूश राहा, असा तो हिशेब.

सीमा रस्ते खात्यातल्या देव दत्त या इंजिनिअरच्या बढतीआड १९९३-९४ सालचा असाच एक 'चांगला' आला. गडी सुप्रीम कोर्टापर्यंत लढला. २००८ साली कोर्टानं सांगितलं, प्रत्येक शेरा नोकराला कळवा. खटला जातीचा नव्हता, पण पाकीट आपलंही फुटलं. २००९ च्या आदेशानं केंद्राच्या नोकरांना पुरा अहवाल दाखवायचं ठरलं. हरकतीला पंधरा दिवस.

आणि आपली पोरं काय करतात? न वाचताच सही! म्हणे, साहेबाशी वाकडं कोण घेणार? अरे, अहवालातला आपल्या कामाचा भाग तर आपणच भरायचा असतो. वर्षभर राबलेलं काम तिथं दोन ओळींत खरडून मोकळे होतात. वर साहेबाच्या नावानं शिमगा.

ज्यांच्या हातात अहवाल पडलाय त्यांनी सभा संपल्यावर थांबा. अर्ज इथंच लिहू. चौदाव्या दिवशी धावत येऊ नका.