बाजरीचे बियाणे कुठून आले?

(शनिवार पेठ, पुणे येथे साक्षरता वर्गाच्या मंडळींपुढे केलेले भाषण)



सकाळी तुम्ही शनिवारवाडा पाहून आलात. दिल्ली दरवाजाचे खिळे पाहिलेत. वाड्याच्या गोष्टी तुम्हाला कुणीही सांगेल. आम्ही बोलणार आहोत दुपारच्या भाकरीबद्दल.

दुपारी इथेच आपली पंगत बसली. बाजरीची भाकरी, पिठले आणि कांदा. एक आजी म्हणाल्या, "शहरात आले, पण भाकरी आपल्या गावची मिळाली." आजींचे म्हणणे खरे आहे. पण या भाकरीचे माहेर फार लांब आहे.

बाजरी मूळची आफ्रिकेची. तिथे सहारा नावाचे मोठे वाळवंट आहे. त्याच्या कडेला राहणाऱ्या लोकांनी चार हजार वर्षांपूर्वीच रानगवतातून बाजरी घडवली. तिथून ती आपल्याकडे आली आणि इथलीच झाली. आज भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी नसेल, तर सण झाल्यासारखे वाटत नाही.

ही झाली जुनी गोष्ट. आता नवी ऐका.

बाजरीच्या कणसातली फुले फार बारीक असतात. त्यांत नर आणि मादी, दोन्ही भाग असतात. दोन जातींचा संकर करायचा, तर एका जातीचा स्वतःचा पराग आड येता कामा नये. इतक्या बारीक फुलांत हे हाताने कोण करणार? पुढे अमेरिकेत, जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन गावी, शास्त्रज्ञांना एक वेगळी बाजरी मिळाली. तिच्या फुलात कामाचा परागच नव्हता. तिला आई करायचे, शेजारी दुसरी बाजरी बाप म्हणून लावायची, की पुढचे काम वारा करतो. ती बाजरी भारतात आणली गेली. १९६५ साली पंजाबातल्या लुधियान्याहून आपली पहिली हायब्रीड बाजरी निघाली. पीक भरघोस आले. लोक खूष झाले.

पण एक गोष्ट ध्यानात आली नाही. त्या सगळ्या हायब्रीडची आई एकच होती. आईला जो रोग सोसत नाही, तो लेकरांनाही सोसत नाही. १९७०च्या सुमारास केवडा रोग आला. काही गावांत त्याला गोसावी म्हणतात. कणसाच्या जागी हिरव्या पानांचा झुबका फुटतो, दाणा भरतच नाही. आम्ही तेव्हा शाळकरी पोर होतो. वडील बांधावर उभे राहून ते झुबके बघत होते, काही बोलत नव्हते, एवढे आठवते. अमेरिकेच्या बियाण्याला शिव्या देणारे तेव्हा पुष्कळ होते. आम्हाला विचाराल, तर दोष परदेशी असण्याचा नव्हता. सगळे घर एकाच खांबावर उभे केले, तो दोष.

१९७२ साली हैदराबादजवळ पाटणचेरू इथे एक मोठी संस्था निघाली. तिला इक्रिसॅट म्हणतात. जागा भारत सरकारने दिली, पैसा पुष्कळ देशांनी मिळून दिला. काम काय, तर कोरडवाहू शेतकऱ्याची पिके सुधारायची. ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, मागाहून भुईमूग. आपल्या देशाचे बाजरी संशोधक त्यांच्या जोडीला होते. त्यांचे मुख्य कार्यालय काही वर्षे इथे पुण्यातच, नदीपलीकडच्या शेतकी कॉलेजात होते. १९९५ साली ते जोधपूरला गेले.

पाटणचेरूला थंड कोठार आहे. देशोदेशीच्या शेतकऱ्यांची बियाणी तिथे जपून ठेवली आहेत. सव्वा लाखाहून जास्त नमुने आहेत. तुमच्या आजीने कणगीत जसे बी राखले, तसेच हे. एक खांब मोडला, तर दुसरा हाताशी असावा.

त्यात टोगो देशाची बाजरी होती. टोगो हा पश्चिम आफ्रिकेतला चिंचोळा देश. आपल्या महाराष्ट्रात असे पाच देश मावतील. तिथल्या उत्तर भागातले शेतकरी 'इनियादी' नावाची बाजरी पेरतात. दाणा टपोरा, पीक लवकर हाती येते. पाटणचेरूच्या शास्त्रज्ञांनी त्यातून निवड करून एक वाण काढले. त्याला नाव नाही, नंबर आहे : आयसीटीपी ८२०३. १९८८ साली ते महाराष्ट्रासाठी प्रसारित झाले. आपल्या शेतकऱ्यांनी ते पेरले. त्यांतल्या कितीकांनी टोगोचे नावही ऐकले नसेल.

मग कळले, की या बाजरीत लोहही चांगले आहे. लोह कमी पडले, की अंगात रक्त कमी होते. बाई चार पावले चालली, की धापा टाकते. पोर वर्गात पेंगते. आम्ही मुख्याध्यापक असताना अशा पोरांना आळशी म्हणून ओरडलो आहोत. आता त्याची लाज वाटते.

शास्त्रज्ञांनी त्याच वाणातली जादा लोहाची झाडे निवडली आणि ती एकत्र वाढवली. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची साथ होती. परदेशातली हार्वेस्टप्लस ही संस्थाही होती. २०१२ साली महाराष्ट्रात नवे वाण आले : धनशक्ती. तिच्या एका किलो दाण्यात सुमारे ७१ मिलिग्रॅम लोह असते. बी पुरवण्याचे काम पाचोऱ्याच्या निर्मल सीड्सने घेतले.

पण खाऊन गुण येतो का? तेही पाहिले गेले. तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात १२ ते १६ वर्षांची २४६ मुले निवडली. सहा महिने दोन्ही जेवणांत बाजरीची भाकरी दिली. काहींना जादा लोहाची, काहींना साधी. मुलांचे रक्त तपासले. ज्यांच्या अंगात आधी लोह कमी होते, त्यांतली जादा लोहाची भाकरी खाणारी मुले अधिक संख्येने सुधारली. दुसऱ्या गटाच्या मानाने दीडपटीहून थोडी जास्त. ही माहिती २०१५ साली प्रसिद्ध झाली. पुढे २०१८ साली देशात नियमच झाला, की बाजरीच्या नव्या वाणात किलोमागे निदान ४२ मिलिग्रॅम लोह हवे.

म्हणून गोळ्या बंद करू नका हो! दवाखान्यातून गरोदर बाईला लोहाच्या गोळ्या दिल्या, तर त्या घ्यायच्याच. भाकरी ही भाकरी आहे, औषध नव्हे.

आता एक प्रश्न उरतो. बियाणे टोगोच्या शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या राखले. त्याला काय मिळाले? २००१ साली देशांनी मिळून एक करार केला, २००४ पासून तो लागू आहे. भारतही त्यात आहे. अशा कोठारातले बी घेऊन कुणी नवे वाण काढले आणि पुढच्या संशोधकांना ते वापरू दिले नाही, तर त्याने विक्रीतला काही हिस्सा एका निधीत भरायचा. तो पैसा गरीब देशांच्या शेतकऱ्यांसाठी. कागदावर हे चांगले आहे. पण टोगोच्या त्या शेतकऱ्यांची नावे कुठल्या वहीत नाहीत. आमच्या मते हा हिशोब पुरता चुकता झालेला नाही. एवढे मात्र झाले, की २०१८ साली आफ्रिकेतल्या नायजर देशातही जादा लोहाची बाजरी निघाली. तिचे नाव 'चाक्ती'. टोगो आणि नायजर यांच्यामध्ये एकच देश आहे.

भाषण संपवताना मघाच्याच आजींनी विचारले, "गुरुजी, हे बी दरवर्षी विकत घ्यायचं का?"

आजी, हायब्रीडचे घ्यावे लागते. धनशक्ती हायब्रीड नाही. तिचे बी घरी राखून पुढच्या साली पेरता येते. मात्र बाजरीचा पराग वाऱ्याने उडतो. शेजारी दुसरी बाजरी असेल, तर भेसळ होते. दोनशे मीटरपर्यंत दुसरी बाजरी नसावी. एवढे रान कुणाकडे आहे? तेव्हा शेजाऱ्याशी बोला, दोघांनी एकच वाण पेरा. बियाण्यासाठी कणसे शेताच्या मधोमधची घ्या, कडेची नकोत. रोगट झाड दिसले, की उपटून लांब टाका. दाणा कडक वाळवा, मग कणगीत भरा. तीन-चार वर्षांनी बी बदला.

आणि पीठ थोडेथोडेच दळून आणा. बाजरीचे पीठ आठ-दहा दिवसांत कडू होते, हे आजींना आम्ही सांगायला नकोच.