लूप कळत नाही? मग आलेख काढा

आजचा विषय लूप. कोडिंग शिकायला घेतलं की पहिले चार दिवस मजेत जातात, पाचव्या दिवशी फॉर लूप येतो आणि निम्मी पोरं गप्प होतात.

बऱ्याच क्लासमध्ये लूप शिकवतात तो स्टारचा त्रिकोण छापून. लूपच्या पोटात दुसरा लूप, आय आणि जे. पोरं पाठ करतात, पेपरात लिहितात. पण तो त्रिकोण छापायचा कशाला, हे कुणी सांगत नाही. पहिलं उदाहरण म्हणून मला तो अजिबात पटत नाही.

मी रविवारी काही मुलांना पायथन शिकवतो. त्यातली डिप्लोमाची एक मुलगी म्हणाली, "दादा, मी ब्रँच बदलते. लूपच कळत नाही, पुढे काय होणार?" मी विचारलं, दहावीला आलेख काढलेस ना? एक्सची एक किंमत घ्यायची, वाय काढायचा, ठिपका द्यायचा. मग पुढची किंमत. "हो, त्यात मला पैकीच्या पैकी होते." मग झालं की! तो तक्ता भरणं म्हणजेच लूप. तू हाताने लूप चालवत होतीस.

मग मोबाइलवरच बसलो. ग्राफिक्स वगैरे काही नको, नुसतं प्रिंट. एक्स उणे ५ पासून ५ पर्यंत न्यायचा. दर वेळी एक्सचा वर्ग करायचा, तेवढ्या स्पेस सोडायच्या आणि एक स्टार छापायचा. म्हणजे २५ स्पेस, मग १६, ९, ४, १, ०, आणि परत वाढत २५. कोड दोन ओळींचा. स्क्रीनवर पॅराबोला उमटतो, फक्त आडवा, कारण इथे एक्स वरून खाली जातो.

खरी गंमत पुढे आहे. पायथनच्या रेंजमध्ये शेवटचा आकडा धरत नाहीत. उणे ५ ते ५ लिहिलं तर लूप ४ वरच थांबतो. त्रिकोणात एक ओळ कमी आली तर पटकन कळतही नाही. इथे वरचा हात २५ पर्यंत गेलेला आणि खालचा १६ वर तुटलेला! ती स्वतःच म्हणाली, "दादा, एक ठिपका राहिला." रेंजमध्ये ६ तिनेच टाकला.

(चित्र काढून कोडिंग शिकवणं नवं नाही बरं का. सीमोर पॅपर्ट आणि मंडळींनी १९६७ मध्ये लोगो भाषा केली, तिचं कासव पुढे प्रसिद्ध झालं. पायथनमध्येही टर्टल आहे.)

पुढच्या रविवारी साइनची लाट. रेंजला दशांश चालत नाही, म्हणून आयला ०.३ ने गुणायचं. साधारण २१ ओळींत एक लाट पुरी होते. ०.३ च्या जागी ३ टाकलं की लाट गायब, ठिपके डावी-उजवीकडे उड्या मारतात. वक्र तोच आहे, आपण ठिपके फार लांब लांब दिले.

आता तुमची पाळी. एक्सच्या वर्गाऐवजी एक्सची दुप्पट करून बघा. सरळ तिरकी रेघ यायला हवी, पण वरचा अर्धा भाग डाव्या कडेला चिकटून उभा राहील. उणे स्पेस सोडता येत नाहीत ना! किती मिळवले की रेघ सरळ होईल, ते कमेंटमध्ये सांगा.