बुलेटवरचं बिऱ्हाड

(रौप्यमहोत्सवी वर्षात दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये गप्पांचा कार्यक्रम झाला. त्यातल्या मे महिन्याच्या भाषणाचा हा मजकूर. बोललो तसाच लिहून दिला आहे, फक्त दोन-चार वाक्यं नीट केली आहेत.)

मागच्या ओळीत बसलेल्या आपल्या चार लडाखवीरांनो,

मला कमिटीने दिलेला विषय होता 'ज्येष्ठांची गुंतवणूक'. पण आपली सोसायटी मुळात बँकवाल्यांची. इथे एफडीवर बोलायचं म्हणजे हलवायाच्या घरी पेढे घेऊन जाण्यासारखं. शिवाय गेल्या रविवारी बी विंगच्या पार्किंगमध्ये मी एक दृश्य पाहिलं आणि सेक्रेटरींना फोन करून विषय बदलून घेतला.

ही मुलं पुढच्या महिन्यात मनालीहून लेहला मोटारसायकलवर निघाली आहेत. हॉटेलं नाहीत, तंबू ठोकून राहायचं. त्याची रंगीत तालीम चालली होती. मागच्या कॅरियरवर एकावर एक तीन बॅगा, त्यावर तंबू, त्यावर गुंडाळलेल्या चटया, त्यावर एक पातेलं. वर कळस तेवढा बसवायचा राहिला होता. मी म्हटलं, "अरे, हे काय?" तर उत्तर आलं, "काका, मावतंय ना सगळं, मग झालं." मावत होतं खरं. आमच्या शाखेच्या रेकॉर्ड रूममध्येही सगळं मावायचं, आणि मग एखादे दिवशी अंगावर यायचं.

मला या विषयावर बोलायचा अधिकार काय, असं कुणाला वाटेल. तर अधिकार असा, की 1994 सालच्या ऑगस्टमध्ये मी आणि माझे बँकेतले मित्र (ते समोरच बसलेत, वहिनीही आहेत) एका बुलेटवर दोघं, त्याच रस्त्याने लेहला निघालो होतो. तो रस्ता नागरिकांसाठी खुला होऊन तेव्हा पाचच वर्षं झाली होती. आम्ही चाळिशी ओलांडलेले, मुलं शाळेत. त्या वर्षीचा एलएफसी घरच्यांना न नेता आम्ही दोघांनीच असा उडवला, म्हणून दोन्ही घरांत महिनाभर अबोला होता. तो किस्सा वहिनींकडून ऐका, त्या जास्त रंगवून सांगतात.

पुण्याहून झेलम एक्सप्रेसच्या पार्सलच्या डब्यात गाडी टाकली. टाकीतलं पेट्रोल पूर्ण काढावं लागतं, गोणपाटाने सगळी गाडी शिवून घ्यावी लागते. अंबाल्याला उतरवून घेतली आणि तिथून मंडी, कुलू करत मनालीला पोहोचलो. गाडी त्यांची, चालवणार जास्त करून ते, आणि सामानाचं खातं माझ्याकडे. मी हौसेने मागून घेतलं होतं. कॅशियर म्हणून सुरुवात केलेला माणूस, दोन्ही बाजू जुळल्याशिवाय घरी जायचं नाही ही सवय. वाटलं, यात काय आहे?

त्या वेळी आजच्यासारख्या तयार बॅगा आपल्याकडे सहज मिळत नव्हत्या. ताडपत्री शिवणाऱ्याकडून खाकी कापडाच्या दोन झोळ्या शिवून घेतल्या, घोड्याच्या पाठीवर टाकतात तशा. डावीकडे साडीगार्ड होता, त्यामुळे झोळी चाकात जाण्याची भीती कमी. उजवीकडे सायलेन्सर. पहिल्याच दिवशी बिलासपूरच्या आसपास जळका वास आला. बघतो तर उजवी झोळी खालून करपलेली आणि आतल्या प्लास्टिकच्या डब्याचा तळ वितळलेला. मग एका लोहाराकडून पत्र्याचा तुकडा घेऊन मध्ये लावला.

दुसरी चूक रॉकेलची. बत्तीच्या स्टोव्हसाठी दोन लिटर रॉकेल घेतलं होतं. ते ठेवलं पोह्यांच्या शेजारी, कारण वजन जुळत होतं! कॅशियरची बुद्धी. रोहतांगच्या खड्ड्यांत बूच सैल झालं. पुढचे तीन दिवस आमच्या पोह्यांना जो वास होता, तो मला अजूनही पेट्रोल पंपावर गेलो की आठवतो. आम्ही खाल्ले. टाकायला दुसरं काही नव्हतं.

आता थोडं कामाचं बोलतो, कारण मुलं फोनवर बघायला लागली आहेत.

मोटारसायकलवर सामान ठेवताना आधी मागच्या चाकाचा आस डोळ्यासमोर आणा. आसाच्या पुढे, म्हणजे सीटच्या दिशेने आणि जितकं खाली ठेवाल, तितकी गाडी गरीब राहते. आसाच्या मागे ठेवलं, की तीच दहा किलो पहारीच्या टोकाला लावल्यासारखी होतात. पुढचं चाक हलकं होतं, हँडल थरथरतं, चढावर वळताना गाडी ऐकत नाही. तुमच्या त्या तीन बॅगा सगळ्या आसाच्या मागे आहेत. म्हणून हत्यारं, सुटे भाग, स्टोव्ह, डाळ-तांदूळ असलं जड ते बाजूच्या बॅगांत तळाला. तंबू आणि झोपायच्या पिशव्या हलक्या असतात, त्या वर चालतील. पावसाचे कपडे आणि औषधांचा डबा सगळ्यात वर, कारण ते लागतात तेव्हा घाईने लागतात. कागदपत्रं आणि पैसे अंगावर. दोन्ही बाजूंच्या बॅगा विमानप्रवासाच्या त्या लोंबत्या काट्यावर तोला. आमच्या घरी आहे, घेऊन जा.

गाडी एकूण किती वजन पेलते हे तिच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. ते पुस्तक कुणी उघडत नाही. त्यात मागच्या चाकाची भरल्या गाडीची हवासुद्धा दिलेली असते. सामान लादून, माणूस बसवून चेन किती सैल राहते तेही बघायचं. रिकाम्या गाडीवर बघून उपयोग नाही. आणखी एक, जे मला एका ट्रकवाल्याने शिव्या घालून शिकवलं: मागे वजन पडलं की पुढचा दिवा आकाशाकडे बघायला लागतो. समोरच्याचे डोळे दिपतात आणि तुम्हाला रस्ता दिसत नाही. दिवा खाली करून घ्या.

पेट्रोलचं सांगायला हवं. केलाँगच्या अलीकडे तांदीला टाकी भरली की लेहच्या जवळ जाईपर्यंत साडेतीनशे किलोमीटरच्या घरात आम्हाला पंप नव्हता. सपाटीवर बुलेटच्या एका टाकीत तेवढं अंतर जातं, पण घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरवर, विरळ हवेत, दोघं आणि बिऱ्हाड घेऊन जात नाही. आम्ही पुढच्या लेगगार्डला दोन बाजूंना पाच-पाच लिटरचे डबे बांधले होते. डबे काठोकाठ भरू नका, वर गेल्यावर झाकण हळू उघडा, आत दाब झालेला असतो. आणि जिथे स्टोव्ह पेटवाल तिथून ते लांब. हे सांगायला लागू नये, पण लागतं.

आता ज्यासाठी मी विषय बदलून घेतला, ते.

सरचूला आम्ही तंबू ठोकला होता. चौदा हजार फूट. रात्रभर झोप नाही, डोकं दुखतंय, सकाळी तंबूच्या कापडावर बर्फाचा पापुद्रा. ते म्हणाले, ऊन येऊ दे, मग निघू. मी म्हटलं, नको, पुढे नाले आहेत, ऊन चढलं की बर्फ वितळून पाणी वाढतं. ते बरोबरच होतं. म्हणून घाई केली. बोटं बधिर झालेली, हातमोजे घालून गाठ बसेना, काढले तर बोटं वळेनात. निळी नायलॉनची दोरी. रोज मी बांधून उरलेलं दोरीचं शेपूट गुंडाळून झोळीखाली खोचायचो, वर सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून बसवायचो. त्या दिवशी गाठ मारली, शेपूट तसंच सोडलं. मला दिसलं होतं. मनात म्हटलं, पुढच्या थांब्यावर बघू.

गाटा लूप्सची ती एकवीस वळणं चढलो, चहा प्यायलो नाही, थांबलो नाही. लाचुलुंग ला ओलांडून पांगकडे उतरताना मागचं चाक एकदम जाम झालं. वेग फार नव्हता, वीस-पंचवीस असेल. गाडी डावीकडे आडवी झाली आणि खडीवरून घसरत गेली. मी मागे होतो, बाजूला फेकला गेलो, गुडघे फुटले तेवढंच. ते गाडीबरोबर गेले, डावा खांदा खाली.

पाठून लष्कराच्या गाड्यांचा ताफा येत होता म्हणून आम्ही आज इथे आहोत. त्यांनी ह्यांना उचलून पांगच्या तळावर नेलं. हासळीचं हाड मोडलं होतं आणि खांदा निखळला होता. तिथून लेह, तिथून विमानाने दिल्ली. गाडी मागाहून एका ट्रकमधून मनालीला आली.

घरी आम्ही सांगितलं, चाकाखाली दगड आला. ऑफिसात तेच सांगितलं. पुढे या सोसायटीच्या प्रत्येक सहलीत हा किस्सा निघाला, की दगड आला. वहिनी, दगड नव्हता. ताफ्यातल्या एका जवानाने सुरीने कापून चेनमधून जे काढलं ते हे. (इथे खिशातून दोरीचा तुकडा काढून दाखवला.) मी तो त्या दिवशी खिशात घातला आणि कुणाला दाखवला नाही.

नव्या मंडळींना माहीत नसेल, हे आमच्या बँकेच्या संघाचे डावखुरे फिरकी गोलंदाज होते. आंतरबँक स्पर्धेत आमच्या झोनचे एवढेच एक खेळाडू होते ज्यांना समोरचा संघ नावाने ओळखायचा. त्या ऑगस्टनंतर त्यांचा डावा हात खांद्याच्या वर गेला नाही. मी पुढच्या मोसमात त्यांच्या शेजारी पॅव्हेलियनमध्ये बसून स्कोअर लिहायचो.

(इथे समोरून आवाज आला, "अरे, मला तेव्हाच माहीत होतं. तो कापत होता तेव्हा मी शुद्धीवर होतो." त्यावर हॉलमध्ये बराच वेळ कुणी बोललं नाही. मग वहिनी म्हणाल्या, "म्हणजे दोघांनी मिळून मलाच बनवलंत." आणि लोक हसले. मलाही पुढचं बोलायला दोन मिनिटं लागली.)

हे मला माहीत नव्हतं. एकतीस वर्षं हे माझ्यासाठी दगडाची गोष्ट सांगत होते. असो. मला वाटलं होतं मी आज खातं बंद करायला आलोय, पण दिसतंय की ह्यांनी माझ्या नावावरची बाकी केव्हाच निर्लेखित करून टाकलेली आहे, मला न कळवता. हेड ऑफिसची मंजुरी घेतली होती का, ते वहिनी बघतील.

तर मुलांनो, तुमच्याकडे आता दोऱ्या नाहीत, बकलचे पट्टे आहेत. पट्ट्यालाही शेपूट असतं, उलट जास्त लांब. ते ताणून झाल्यावर गुंडाळायचं आणि त्याच्याच खाली खोचायचं, नाहीतर चिकटपट्टीने बांधायचं. रबरी आकड्यांच्या दोऱ्या घेतल्या असतील तर ताणताना तोंड बाजूला ठेवा, आकडा सुटला तर सरळ डोळ्यात येतो. निघाल्यावर पहिल्या पंधरा-वीस किलोमीटरवर थांबून सगळं हाताने ओढून बघा. कापड बसतं, दोरी सैल होते. आणि मनालीला जायच्या आधी एकदा पूर्ण बिऱ्हाड लादून पानशेतच्या बाजूला रात्र काढून या. परत आल्यावर जे बॅगेतून बाहेरच आलं नाही, ते घरी ठेवा. आम्ही लेहपर्यंत एक इस्त्री केलेला सफारी सूट नेत होतो. कुणाचा ते विचारू नका.

आणि हात बधिर झाले असतील तर ऊन येईपर्यंत थांबा. नाल्याला पाणी वाढलं तर वाढलं, पलीकडे उद्या जाता येतं.

माझा वेळ संपला, सेक्रेटरी घड्याळ दाखवतायत. आता आपण सगळे खाली पार्किंगमध्ये जाऊ. त्या तीन बॅगा आधी उतरवू आणि नव्याने बांधू. ह्यांनी आत्ताच खूण केली आहे, की शेवटची गाठ तेच ओढून बघणार आहेत, उजव्या हाताने. दोरीचा तुकडा इथे टेबलावर ठेवतो. ज्यांना बघायचा असेल त्यांनी बघा, अजून थोडा तेलकट आहे.