मंत्रचळ

मंडळी, आज आपण मनाच्या एका दुखण्याविषयी बोलू. आपल्याकडे त्याला मंत्रचळ म्हणतात. डॉक्टर ओसीडी म्हणतात.

हात धुतले तरी वाटते, ते मळकेच आहेत. म्हणून पुन्हा धुवायचे. कातडी सोलवटते, पण हात थांबत नाहीत. कुणी दाराची कडी दहादा पाहतो. कडी लावली आहे, हे त्यालाही कळते. पण मनाला पटत नाही. लोक हसतात. 'फार सोवळे!' म्हणतात. सोवळ्यात समाधान तरी असते. इथे नुसती धास्ती.

काहींचे दुखणे बाहेरून दिसतही नाही. आमच्या वर्गाला एक बाई येत. घरी तान्हे मूल. विळीवर बसल्या की मनात येई, 'माझ्या हातून बाळाला इजा झाली तर?' त्यांनी विळी माळ्यावर टाकली. मग बाळाला घेणेच सोडले. सासूबाई म्हणाल्या, बाहेरची बाधा आहे. आम्हीही चुकलो. 'असले विचार मनात आणूच नका,' असे सांगून मोकळे झालो. विचार दडपला की तो दुप्पट जोराने येतो, हे आम्हांला कुठे ठाऊक होते?

सरकारी दवाखान्यातल्या मानसोपचार डॉक्टरांनी नीट तपासले. मग म्हणाले, 'बाई, असा विचार कुणाच्याही मनात चमकून जातो. तुमची बाळावर माया आहे, म्हणून तो तुम्हांला इतका बोचतो. या आजारात माणूस तसे करायला जात नाही.' बाई तिथेच रडल्या.

उपचार दोन. एक गोळ्यांचा. गुण यायला दोन-तीन महिनेही लागतात. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. दुसरा उपचार अवघड. ज्याची भीती, त्याच्याजवळ थोडे थोडे जायचे, आणि हात मात्र धुवायचे नाहीत. भीती चढते. मग न धुताही हळूहळू उतरते. लंडनच्या व्हिक्टर मेयर यांनी १९६६ साली ही रीत मांडली.

'कडी लावली ना?' असे कुणी दहादा विचारले, तर घरच्यांनी दहादा 'हो' म्हणू नये. त्याने घटकाभरच बरे वाटते. रागावूही नये. रात्री अकरा वाजता हे जमणे कठीण, हे आम्ही जाणतो.

२०२२ पासून सरकारचा टेली-मानस फोन आहे. नंबर १४४१६. पैसे पडत नाहीत. मराठीत बोलता येते.

बाईंनी आधी विळी नुसती खाली काढून ठेवली. आठ दिवसांनी बाळ पलीकडे निजलेले असताना भाजी चिरली. परवा आम्ही गेलो, तेव्हा त्या दोडके चिरीत होत्या. बाळ शेजारीच पाळण्यात होते.

'अजून येतं हो मनात,' त्या म्हणाल्या. 'येऊ दे. बसा, चहा ठेवते.'